साहेबांची कमान

नारळ फुटला होता, काचेला हळदकुंकू लागलं होतं, झेंडूची माळ घालून झाली होती, आणि तरीही यष्टी कमानीच्या अलीकडेच उभी होती. ड्रायव्हर टपावर चढला, हातातली काठी आडवी धरून त्यानं एक डोळा मिटून कमानीच्या तुळईकडे बघितलं आणि खाली उतरून सांगितलं, वीतभर अडतंय. गावातल्या एका हुशारानं चाकातली हवा सोडायचा उपाय सुचवला. मग आत ढकलत न्यायला तुम्ही येणार का, असं ड्रायव्हरनं विचारल्यावर तो हुशार मागच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

कळंबमाळचा फाटा पलूसच्या रस्त्यावर. तिथून गाव तीन किलोमीटर आत, दोन्ही बाजूंना ऊस. संपाच्या वर्षी यष्टी बंद झाली ती परत आलीच नव्हती. सरकारनं मुलींचा पास फुकट केला, तो पास प्रत्येकीच्या दप्तरात होता, फक्त यष्टी नव्हती. ती परत आणायला आमदार दीपमालानं वर्षभर खेटे घातले होते, अधिवेशनात दोनदा प्रश्न लावला होता. सासरे लालासाहेब हे तिच्या आधीचे आमदार. त्यांच्या पुण्यतिथीचा दिवस धरूनच ती यष्टी गावात न्यायची असं तिनं ठरवलं होतं. आणि यष्टी अडली ती साहेबांच्याच नावाच्या कमानीला.

कमान बांधली तेव्हा तिच्याखालून हत्ती गेला असता. साहेब गेले त्याच वर्षी थोरल्या राजवर्धननं, म्हणजे दीपमालाच्या मोठ्या दिरानं, ती उभी केली. 'स्व. लालासाहेब प्रवेशद्वार' अशी हातभर उंचीची अक्षरं, वर दोन सिंह. पुढच्या वर्षी दीपमाला निवडून आली आणि तिनं पहिलं काम केलं ते गावच्या रस्त्याचं. जुन्या डांबरावर खडी, खडीवर काँक्रीट. रस्ता दृष्ट लागावी असा झाला आणि तेवढाच वर आला. उसाच्या ट्रॉल्यांचे ड्रायव्हर दोन हंगाम कमानीला शिव्या देत थर कमी भरत होते, पण साहेबांच्या घरात जाऊन हे सांगायचं कुणी? गावात सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट वाड्यावर सर्वांत शेवटी पोचते, हा कळंबमाळचा जुना रिवाज होता.

आगाराचे साहेब सज्जन गृहस्थ. त्यांनी दीपमालाला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं, की गाडी मंजूर आहे, पण शनिवारपर्यंत वाट मोकळी झाली नाही तर ती यादीतल्या पुढच्या गावाला द्यावी लागेल. दीपमालानं मान हलवली. गर्दीत तिला मंगल दिसली. मंगलची अंकिता बारावीला होती. तिचं कॉलेज बंद करायचं घरात ठरलं होतं आणि दीपमालानं स्वतः त्यांच्या चुलीपाशी बसून शब्द दिला होता, यष्टी आणते, तोवर पोरीला थांबवू नका. मंगलनं कमानीकडे एकदा बघितलं आणि गवताचा भारा उचलून चालू लागली. दीपमालाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

*

दीपमालाच्या नवऱ्यानं, वीरधवलनं, फौजेत सतरा वर्षं काढली होती, पण खरी नोकरी निवृत्तीनंतर घरात लागली, आणि ती होती टपालाची. त्या घराची जुनी चाल अशी, की धाकट्याच्या बायकोनं थोरल्या दिरासमोर पदर सोडायचा नाही आणि थेट बोलायचं नाही. दीपमाला सभागृहात मंत्र्याला उभ्या उभ्या घाम फोडायची. घरी थोरले दीर आले की तिचं बोलणं नवऱ्याच्या तोंडून जायचं. तिकीट थोरल्याला मिळेल असं सगळ्यांनी धरलं होतं, ते पक्षानं हिला दिलं. थोरला मग गावचा सरपंच झाला. त्यानंतर तर आमदार आणि सरपंच यांच्यातला सगळा कारभार वीरधवलच्याच तोंडून चालायचा.

त्या दुपारी पुण्यतिथीच्या पंगतीतही तेच झालं. एकाच सोप्यात, चार हातांवर दोघं.

"वीर, सांग तिला," राजवर्धन पानावरून नजर न उचलता म्हणाला, "कमान हाय तितंच हाय. रस्ता वर आलाय. ज्येनं वर आणला त्येनं खाली न्यावा."

भाताची परात घेऊन दारात उभ्या असलेल्या दीपमालाला हे काही सांगावं लागलं नाही. "त्येंना म्हणावं, खरं हाय. रस्ता मीच वर आणला, माझीच चूक. पर त्येच्या पोटातनं पिण्याच्या पाण्याची लाइन गेलीया. खोदला तर गाव तहानलेलं ऱ्हाईल, आन पावसाळाभर तितं डबकं."

वीरधवलनं दोन्हीकडे बघितलं आणि ताकाचा पेला तोंडाला लावला. त्याचा कल भावाकडे होता, हे तिला माहीत होतं. लहानपणी साहेब मुंबईला असायचे तेव्हा थोरल्यानंच त्याला पोहायला शिकवलं होतं, शाळेत घातलं होतं. बायको खरी आणि भाऊ चुकीचा, हे त्याला दिसत होतं. पण तोंडातून ते निघत नव्हतं.

भूपाल अण्णांनी थोरल्याची बाजू धरली. सांगलीकडचे हे जैन बागायतदार साहेबांचे जिवाभावाचे मित्र. दर पुण्यतिथीला यायचे, कांदा-बटाटा वगळून केलेलं पान त्यांच्यासाठी वेगळं असायचं. ते म्हणाले, माणूस गेला ते एक मरण, नाव उतरवलं की ते दुसरं मरण की वो, तेवढं पोरांच्या हातनं करवू नका. राजवर्धनचे डोळे भरून आले. पंगतीतल्या चार-दोन कारभाऱ्यांनी माना डोलावल्या. वहिनींना साहेबांचं नाव पुसून आपलं लावायचंय, असंही कुणीतरी कुजबुजलं. दीपमालानं ते ऐकलं आणि भात वाढत पुढे गेली.

घरातली फितुरी भलत्याच ठिकाणाहून झाली. राजवर्धनची लेक शिवांजली कराडला इंजिनिअरिंगला होती आणि तिच्या बुडाखाली स्वतःची स्कूटी होती. यष्टीशी तिला देणंघेणं नव्हतं. ती म्हणाली, "पप्पा, ट्रॉलीवाले आज्ज्याच्या कमानीला काय म्हणतात ठावं हाय का? 'टकुरंफोडी'. सगळ्या मळ्यात हेच नाव हाय तिचं." राजवर्धननं लेकीकडे असं बघितलं, की तिनं मान खाली घातली, पण उठून गेली नाही. काकीच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

शेवटी सगळ्यांच्या नजरा साळूबाईंकडे गेल्या. साहेबांच्या पत्नीनं पंचवीस वर्षं आमदाराचं घर चालवलं होतं, म्हणजे पहाटेपासून आलेल्यागेलेल्याला चहा आणि कोण खरंच अडलंय, कोण नुसतं मिरवायला आलंय याची पारख. भूपाल अण्णा त्यांना म्हणाले, वहिनी, तुम्हीच सांगा, साहेब असते तर काय म्हणाले असते.

"साहेब आस्ते तर पाडू दिली नसती," साळूबाई म्हणाल्या. "त्येंना आपलं नाव लय आवडायचं. पत्रिकेत खाली छापलं तर चार दिस जेवायचे न्हाईत. ही कमान बघून तर रोज येक चक्कर मारली असती."

राजवर्धनचा चेहरा उजळला.

"पर आता साहेब आमदार न्हाईत, राजा," त्या म्हणाल्या. "ही हाय." आणि त्यांनी मठ्ठा मागितला.

*

राजवर्धन दिवस मावळताना एकटाच जीप घेऊन फाट्यावर गेला. त्याला कमान नीट बघायची होती. तिकीट गेलं तेव्हा तो घरात कुणाशी एक शब्द बोलला नव्हता. मनात मात्र धरून होता, की आमदारकी तिच्याकडे गेली, बाप तरी माझ्याकडे राहिला. ती अक्षरं त्यानं स्वतः उभं राहून बसवून घेतली होती. आपल्या हातून आजवर धड झालेलं एवढंच एक काम आहे, असं त्याला वाटायचं, आणि आता तेही टकुरंफोडी निघालं होतं.

कमानीच्या खांबाला टेकून मंगल उभी होती. त्याला बघून ती सावरली.

"हितं काय करतीस गं?"

"पोरीची वाट बघती, दादा. पलूसवरनं येनारी कराडची गाडी हितं सोडती तिला."

"रोज येतीस?"

"रोज. दोनी अंगानं ऊस हाय, येकटीला कशी सोडू? माग दोन पोरं गाडी आडवी लावून हुबी ऱ्हायली व्हती तिच्याम्होरं."

राजवर्धनच्या कपाळाची शीर ताठ झाली. सरपंचाला हे का सांगितलं नाही, असं त्यानं विचारलं. मंगल नुसती हसली. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही त्यांना धरून चावडीत आणलं असतं, ती म्हणाली, आणि नाव पोरीचं झालं असतं.

"कमान लय बरी बांधली, दादा," मंगल म्हणाली. "पावसात हुबं ऱ्हायला आडोसा झाला बगा. न्हाईतर भिजत हुबी ऱ्हायची मी."

ती टोमणा मारत नव्हती. मनापासून बोलत होती, आणि म्हणूनच ते त्याला जास्त लागलं. बापाच्या नावाखाली गावातली एक आई रोज जीव मुठीत धरून उभी राहते आणि वर आपले आभार मानते, याची त्याला विलक्षण लाज वाटली. त्यानं विचारलं, यष्टी आली तर मग हे थांबेल ना?

"सकाळची येनार म्हनत्यात," ती म्हणाली. "सकाळचं काय, सकाळी उजेड आस्तुय, पोरी घोळक्यानं जात्यात. भ्या वाटतं ते माघारी यायचं. पर वहिनींनी येवढं केलं, आता त्येंना आनी काय म्हनायचं? पोरीला सोयरीक आलीया. मालक म्हनत्यात, साखरपुडा करून मोकळं व्हवू."

कराडची गाडी आली. अंकिता उतरली आणि सरपंचांना बघून आईच्या मागे सरकली. राजवर्धननं दोघींना जीपमध्ये मागे बसवलं आणि घरापाशी सोडलं. दोन्ही बाजूंचा ऊस जीपपेक्षा उंच होता. या रस्त्यानं तो दिवसातून चारदा जायचा, पण काचेच्या आतून. तो ऊस त्यानं आज पहिल्यांदा बघितला.

*

पंचायतीची सभा गुरुवारी बसली. कमान पंचायतीच्या मालकीची, त्यामुळे सरपंचानं ठराव घेतल्याशिवाय तिला हात लावता येत नव्हता. तशी एक आडवाट होती. कमानीला बांधकाम खात्याची परवानगीच नव्हती, आमदारानं एक फोन केला असता तर नोटीस निघाली असती. आदल्या रात्री वीरधवलनंच हे बायकोला भीत भीत सुचवलं होतं. घरच्या माणसाला नोटीस काढून मिळवलेली यष्टी मला नको, असं म्हणून तिनं दिवा मालवला. नवऱ्यानं आपली बाजू घेतली याचा आनंद मात्र तिला झोप लागेपर्यंत पुरला.

हॉल खच्चून भरला होता. दीपमाला बायकांच्या बाजूला बसली. बोलायचं काय हे तिनं घोकून ठेवलं होतं: चूक माझी, रस्ता माझा, कमान नव्या उंचीची बांधून द्यायचं मी बघते. हे सगळं वीरधवलमार्फत कसं बोलायचं, एवढंच तिला सुचत नव्हतं.

राजवर्धन उठला. "वीर, सांग तिला," त्यानं सवयीनं सुरुवात केली आणि तो थांबला. मग त्यानं सरळ बायकांच्या बाजूला बघितलं.

"दीपमाला."

लग्न होऊन या घरात आल्यापासून त्यानं तिचं नाव घेतलेलं तिनं ऐकलं नव्हतं. तिचा हात पदराकडे गेला आणि अर्ध्यातच राहिला. ती उभी राहिली. "जी, दादा."

"यष्टीच्या फेऱ्या किती?"

"येक. सकाळची."

"सांजची का न्हाई?"

"सकाळची महत्त्वाची वाटली. कॉलेज चुकू नये म्हणून..." बोलता बोलताच तिच्या लक्षात आलं आणि तिची जीभ अडखळली.

"येका फेरीपायी मी बापाचं नाव खाली उतरवनार न्हाई," राजवर्धन म्हणाला. कारभाऱ्यांनी माना हलवल्या. त्यांना वाटलं संपलं. "दोन पायजेत. सकाळी न्हेनारी आन सांजला पोरीस्नी गावात आणून सोडनारी. आनत्यात आमदार दोन? आणत आसल्या तर ठराव मी मांडतो, आन पयला घण बी माजा."

दीपमालाच्या मनात एकाच वेळी दोन गोष्टी आल्या. वर्षभर आपण अर्धीच यष्टी मागत होतो, ही लाज. आणि आपल्याला ती पूर्ण मागायला लावणारा माणूस आपल्याच घरात होता, हा आनंद. आनंद मोठा होता.

"आणते, दादा," ती म्हणाली. "आन न्हाई मिळाली तर सांगलीच्या हापिसातनं उठायची न्हाई."

मागच्या रांगेत शिवांजलीनं शिट्टी मारली. तिला कुणी गप्प केलं नाही.

*

सांगलीच्या कार्यालयात गाड्या कमी, चालक कमी, डिझेल महाग, हे सगळं दीपमालानं शांतपणे ऐकून घेतलं. ते खोटं नव्हतं. दोन फेऱ्या म्हणजे पहाटे एक गाडी रिकामी आत जाणार, संध्याकाळी रिकामी परतणार; एवढं रिकामं पळणं परवडत नाही, असं अधिकाऱ्यांचं म्हणणं होतं. तिनं चहा संपवला. रिकामी पळवायची नसेल तर पळवू नका, ती म्हणाली, गाडी मुक्कामी करा. संध्याकाळी पोरींना घेऊन येऊ दे, रात्रभर चावडीपुढे उभी राहू दे, सकाळी पोरींना घेऊन जाऊ दे. एकही खेप वाया नाही.

अधिकारी विचारात पडले. मुक्कामी म्हटलं की ड्रायव्हर-कंडक्टरच्या राहण्याजेवणाचा प्रश्न, आणि गावं पहिले आठ दिवस पुरणपोळी घालतात, नंतर विचारतसुद्धा नाहीत, हा त्यांचा अनुभव होता. दीपमाला व्हरांड्यात आली. वीरधवलला फोन लावायला तिनं नंबर काढला, जरा थांबली, आणि दुसराच लावला.

"दादा, मी दीपमाला. मुक्कामी गाडी देत्यात. दोघास्नी खोली पायजे."

मुक्कामी गाडीचं गाव म्हणजे केवढा मान, हे त्या तालुक्यात कुणाला सांगावं लागत नाही. साहेबांना ते पाच निवडणुकांत जमलं नव्हतं.

"पंचायतीची वरली खोली देतो," राजवर्धन म्हणाला. "जेवान आपल्या घरनं. कायमचं. तसं लिव्हून दी त्येंना, खाली माजं नाव टाक."

शनिवारी सकाळी सगळं गाव फाट्यावर लोटलं. आधी अक्षरं सोडवली, ती शिवांजलीनं कापडात गुंडाळून जीपमध्ये ठेवली. मग राजवर्धननं सदरा काढला आणि घण उचलला. पहिला घाव बसताना त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यानं पुसलं नाही. दुसऱ्या घावाला वीरधवल त्याच्या शेजारी उभा होता, तिसऱ्याला निम्मं गाव. ट्रॉलीवाले तर आपापले घण घेऊनच आले होते. साळूबाई सावलीत खुर्ची टाकून बसल्या होत्या, मधूनच कुणालातरी पायावर दगड पडेल म्हणून ओरडत होत्या. भूपाल अण्णाही सांगलीहून आले. ते रागावून लांब उभे राहिले, पण सिंह खाली आले तेव्हा, हे साहेबांसारखे कवाच दिसले न्हाईत, असं म्हणून स्वतःच हसले.

सोमवारी संध्याकाळी पलूसच्या स्टँडवरून यष्टी सुटली तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती. कॉलेजच्या पोरी, दोन शिक्षक, बाजार करून निघालेल्या बायका. पुढच्या बाकावर साळूबाई होत्या, कारण पहिल्या गाडीत मी नसेन तर स्वयंपाक होणार नाही अशी त्यांनी धमकी दिली होती. दीपमालाला जागा मिळाली नाही. ती दांडा धरून उभी होती, पदर खांद्यावर, आणि तिच्या शेजारी दांडा धरून राजवर्धन. गाडीच्या धक्क्यांत दोघं बोलत होते. पलीकडच्या वाडीला यष्टी जात नाही, तिथंही एक कमान आहे, विरोधकांच्या आजोबांची. तिचं काय करायचं यावर आमदार आणि सरपंचांचं दुमत होतं, आणि ते दोघं ते मोठ्यानं, थेट एकमेकांशी भांडून सांगत होते. वीरधवल मागे ड्रायव्हर-कंडक्टरचे रिकामे डबे मांडीवर घेऊन बसला होता. इतक्या वर्षांत त्याला पहिल्यांदाच काही काम नव्हतं.

फाटा आला. अंधार पडत होता. ड्रायव्हरनं सवयीनं गाडी हळू केली. खिडकीतल्या बाया वाकून बघू लागल्या. रस्त्याच्या कडेला खडी पडली होती, वर नुसतं आभाळ होतं, आणि खांबाच्या जागी कुणीही उभं नव्हतं. मंगल घरी भाकरी थापत होती.

कंडक्टरनं आवाज दिला, "फाट्यावर कोन उतरनार हाय का?"

पोरी एकमेकींकडे बघू लागल्या. मागून अंकिता म्हणाली, "फाट्यावर कोनच न्हाई. समद्या गावात."

कंडक्टरनं डबल बेल दिली.